विहीर आपली, पाणी सर्वांचं



स्मृतिव्याख्यानात साहित्य, इतिहास किंवा देशाचं राजकारण असे विषय घेण्याची प्रथा आहे. मी घरातल्या पिण्याच्या पाण्याचा विषय घेतला, कारण आंजर्ल्यात तो प्रत्येकाच्या मागीलदारी आहे. देशावर नळ आला की लोक नळाचं पितात, विहीर विसरतात. कोकणात तसं झालं नाही. नळपाणी योजना आली तरी पिण्याची कळशी घरच्या विहिरीवरच भरली जाते. नळाच्या पाण्याला वास येतो, विहिरीचं गोड लागतं, असं आपण म्हणतो. या सवयीमागे किती धोका आहे आणि तो कसा टाळता येतो, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आपल्या दापोली तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तरी एप्रिल-मेमध्ये वरच्या वाड्यांवर हंडे घेऊन बायका लांब जातात, कुठे टँकर येतो. पाणी किती आहे यावर ग्रामसभेत, पंचायत समितीत, वर्तमानपत्रात पुष्कळ बोललं जातं. ते पाणी कसं आहे यावर मात्र घरात कोणी आजारी पडेपर्यंत कोणी बोलत नाही.

आंजर्ल्याची जमीन आधी नीट पाहू. वर कडा, त्यावर गणपतीचं देऊळ आणि त्याच्या मागे जांभ्याचा सडा. खाली समुद्र आणि जोग नदीची खाडी, आणि मध्ये नारळी-पोफळीच्या आगरांची वाळूमिश्रित पट्टी. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यातून झिरपतो आणि पायथ्याशी झऱ्यांतून, विहिरींतून वर येतो. जांभा दगड भोकाभोकांचा असतो. त्यातल्या पोकळ्यांतून पाणी इतक्या वेगाने वाहतं की गाळलं जायला त्याला वेळच मिळत नाही. पावसाळ्यात सड्यावर जे पडतं, गुरांचं असो की माणसांचं, ते थोड्याच काळात खालच्या विहिरीत उतरू शकतं. पट्टीतली वाळू त्या मानाने चांगली गाळते. पण तिथे पाणी इतकं वर असतं की गाळायला वाळूचा थर पुरेसा उरत नाही.

या पट्टीतल्या गोड्या पाण्याची आणखी एक गोष्ट आहे. समुद्रकाठी जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर तिच्या खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं, असा भूजलशास्त्रातला ठोकताळा आहे. उलट बाजूने पाहिलं तर वरची पातळी एक फूट उतरली की खालून खारं पाणी चाळीस फूट वर सरकायला लागतं. रहाटाने शिंपणं चालायचं तेव्हा बैलाच्या दमाइतकंच पाणी उपसलं जायचं. मोटार दमत नाही. पूर्वी बारमाही गोड असलेलं विहिरीचं पाणी वैशाखात मचूळ होऊ लागलं, तर मोटार किती तास चालते याचा हिशेब करायला हवा. आणि तो हिशेब एका घराने करून भागत नाही, कारण शेजारच्या मोटारीनेही तीच पातळी उतरते.

विहीर एकाच्या मालकीची असते, पण तिच्यातलं पाणी कधीच एकाचं नसतं. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने जमिनीच्या मालकाला आपल्या जमिनीखालचं पाणी उपसण्याचा हक्क दिला, आणि तेव्हापासून विहीर ही सातबाऱ्यावरची खासगी वस्तू झाली. पण जमिनीखाली गडगे नसतात. माझ्या परसातल्या खड्ड्यातलं पाणी उताराच्या दिशेने तुमच्या विहिरीकडे जातं, आणि ते तिथपर्यंत पोचल्याचं मला कधी दिसत नाही. ज्याच्यामुळे पाणी बिघडतं आणि ज्याला ते प्यावं लागतं, ती दोन वेगळी माणसं असतात. घरगुती पाण्याच्या प्रश्नाची सगळी अडचण इथेच आहे.

पूर्वीचं पाणी शुद्ध होतं, असं वडीलधारी मंडळी सांगतात. त्यांच्या आठवणीचा मान ठेवूनही मी म्हणेन की ते अर्धंच खरं आहे. पटकीच्या साथी कोकणाने पुष्कळ पाहिल्या आणि त्या पाण्यातूनच पसरत होत्या. हे मात्र खरं की विहिरीजवळ संडास नव्हता, वस्ती विरळ होती आणि घरात फक्त घरचीच माणसं होती. संडास आले हे फार चांगलं झालं. विशेषतः बायकांना अंधाराची वाट पाहत बसावं लागत नाही, हा मोठा बदल आहे आणि त्याच्याविरुद्ध मी एक अक्षरही बोलणार नाही. पण दहा-बारा गुंठ्यांच्या आगरात विहीरही मागे आणि संडासही मागे, आणि दोन्हींमध्ये अंतर किती हे बांधताना कोणी मोजलं नाही. निदान पंधरा मीटर, म्हणजे पन्नास फूट अंतर हवं आणि विहीर उताराच्या वरच्या अंगाला हवी. शिवाय आपण जिला सेप्टिक टाकी म्हणतो ती पुष्कळदा टाकी नसते. खरी टाकी तळाला बंद असते, तिचे दोन कप्पे असतात, आणि बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात वेगळं मुरतं. तळ उघडा ठेवून चिरे रचलेला खड्डा म्हणजे टाकी नव्हे. तो 'कधी भरत नाही' म्हणून मालक खूश असतो. तो भरत नाही, कारण सगळं जमिनीत उतरतं.

शोषखड्डा सुरक्षित असतो तो त्याच्या तळाखालच्या कोरड्या मातीमुळे. त्या मातीत हवा असते आणि तिथले सूक्ष्मजीव घाण खाऊन टाकतात. म्हणून खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा निदान दोन मीटर वर असावा, असं सांगतात. आता श्रावणातली खालच्या वाडीतली विहीर आठवा. वाकून तांब्या बुडवावा इतकं पाणी वर आलेलं असतं. त्या वेळी कोरडी माती उरतेच कुठे? खड्डा आणि विहीर एकाच पाण्यात उभे असतात. नेमक्या त्याच सुमारास गणपतीला मुंबई-पुण्याचे चाकरमानी येतात आणि चार माणसांचं घर वीस माणसांचं होतं. पर्यटनामुळे आता हे शनिवार-रविवारी वर्षभर घडतं. घरगुती निवासाने गावात पैसा आला आणि मुलं गावात राहिली, ही मोलाची गोष्ट आहे. पण खोल्या वाढवताना टाकी वाढवली का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. पाहुण्यांसाठी बाटलीबंद पाण्याची खोकी येतात. घरची माणसं, गडी आणि शेजारी विहिरीचंच पितात.

अशा पाण्याने आजार होण्याची शक्यता किती, असं कोणी विचारेल. फार लांब जाऊ नका. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड गाव आणि किरकटवाडीच्या परिसरात, माणसांच्या हातापायांतली शक्ती अचानक जाऊ लागली. गुलेन-बॅरे सिंड्रोम नावाचा हा एरवी क्वचित दिसणारा आजार, आणि रुग्ण दोनशेच्या आसपास गेले. काहींना श्वासासाठी यंत्र लावावं लागलं, काही दगावले. अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला, आणि संशयाचं बोट त्या भागाला पाणी पुरवणाऱ्या विहिरीकडे आणि पाण्यात क्लोरीन नसण्याकडे गेलं. तुमच्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं त्याच भागात राहतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती हेपटायटिस ई या विषाणूची होती आणि तीही दूषित पाण्यातूनच आली. आपल्याकडे कावीळ झाली की माणूस मुळीच्या औषधाला जातो, पथ्य पाळतो, बहुतेक वेळा बराही होतो. विहिरीकडे कोणी बघत नाही. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हीच कावीळ झाली तर दर चार-पाच बायकांमागे एक दगावू शकते. म्हणून गावात एक कावीळ दिसली तरी सगळ्या वाडीने पाणी उकळायला लागावं. कोणाला झाली, कुठून आली ही चौकशी नंतर करता येते.

पाणी गाळण्याने काय होतं याचा पुरावा १८९२ मध्ये जर्मनीत मिळाला. हँबर्ग आणि अल्टोना ही शहरं एकमेकांना लागून, दोघांचं पाणी एल्ब नदीचं. अल्टोना खालच्या बाजूला, म्हणजे हँबर्गची सगळी घाण वाहून आल्यावर तिथलं पाणी उचललं जायचं. पण अल्टोना ते वाळूच्या थरातून सावकाश गाळून देत होतं आणि हँबर्ग न गाळताच सोडत होतं. त्या वर्षी कॉलऱ्याने हँबर्गमध्ये आठ हजारांहून जास्त माणसं मेली. अल्टोनात साथ जवळपास पसरलीच नाही. सीमेवरच्या एका रस्त्याच्या एका बाजूला रुग्ण होते आणि समोरच्या बाजूला नव्हते.

आणि पाण्याच्या शुद्धतेबद्दलच्या आपल्या कल्पनांचं एक उदाहरण कोकणातलंच. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, आणि तरीही अस्पृश्यांना तिथे पाणी घेऊ दिलं जात नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचं पाणी घेतलं. त्यानंतर तळं 'शुद्ध' करण्यासाठी त्यात शेण-गोमूत्रासह पंचगव्याच्या घागरी ओतल्या गेल्या. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटतं आणि शेणाने ते शुद्ध होतं, असं मानणाऱ्या समाजात आपल्या आज्या-पणज्या वाढल्या. पुढे १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. महाड इथे मुद्दाम सांगतो आहे. सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनेने आपल्याला पाण्याबद्दल फार जपायला शिकवलं, पण भलत्या गोष्टीपासून जपायला. विहिरीवर कोणी यायचं यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. विहिरीत काय उतरतं हे कोणी पाहिलं नाही. आजही वाडीवाडीची विहीर वेगळी असते. ग्रामपंचायतीला स्वच्छतेचं हिरवं कार्ड आणि खालच्या वाडीची विहीर उकिरड्याशेजारी, असं असेल तर गावाचं पाणी सुरक्षित आहे असं म्हणता येणार नाही.

त्या कार्डाबद्दल थोडं सांगतो. महाराष्ट्रात पावसाळ्याआधी आणि नंतर सार्वजनिक पाणीस्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर, टाकतो, नळाच्या पाण्याची ओटी चाचणी करतो. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे हे कळतं. ही व्यवस्था चांगली आहे आणि तिच्यात राबणारी माणसं फार कमी पैशांत राबतात. पण ती सार्वजनिक पाण्यापुरती आहे. तुमच्या मागीलदारच्या विहिरीचा जलसुरक्षक तुम्हीच आहात.

म्हणून विहिरीत टीसीएल कसं टाकायचं हे इथे पूर्ण सांगतो. विहीर दहा फूट रुंद, म्हणजे तीन मीटर, आणि पाणी चार मीटर असेल तर त्यात साधारण अठ्ठावीस हजार लिटर पाणी असतं. हजार लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात सुमारे एकशे चाळीस ग्रॅम पावडर लागते. ती प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून आधी घट्ट रबडी करायची, मग बादली पाऊण भरून ढवळायची आणि दहा मिनिटं ठेवायची. चुन्याचा गाळ तळाला बसतो. तो गाळ विहिरीत टाकायचा नाही. वरची निवळ पोहऱ्यात घेऊन पोहरा पाण्याखाली वरखाली हलवायचा, म्हणजे औषध सगळीकडे मिसळतं. निदान तासभर कोणी पाणी काढायचं नाही. रात्री टाकलं तर सकाळपर्यंत प्रश्नच नाही. तासानंतरही पाण्यात लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. उरला नाही तर पाण्यात घाण जास्त होती, पुन्हा टाकायचं.

हा हिशेब ताज्या पावडरीचा आहे, जिच्यात तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. आपल्याकडे घोटाळा इथेच होतो. टीसीएल दमट हवेत मरतं, आणि आषाढातल्या कोकणाइतकी दमट हवा दुसरीकडे क्वचितच असेल. पिशवी फोडून पडवीत ठेवली की काही आठवड्यांत ती नुसता चुना होते. पांढरी दिसते, टाकल्याचं समाधान देते, पण काम करत नाही. म्हणून छोट्या पुड्या आणा, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात अंधारात ठेवा, पत्र्याच्या डब्यात ठेवू नका. उघडल्यावर नाकात झिणझिण्या आणणारा वास आला नाही तर ती पावडर विहिरीसाठी वापरू नका. आणि त्या वासाची तक्रार करू नका, मंडळी. योग्य प्रमाणात टाकलेल्या क्लोरीनचा हलका वास म्हणजे औषध अजून पाण्यात शिल्लक असल्याची खूण आहे. पिण्याच्या भांड्यात पाणी काही तास ठेवलं की तो वास बराचसा जातो.

आता घरात. आपल्या आया कळशीच्या तोंडाला फडकं लावून पाणी गाळायच्या. त्या फडक्याला कमी लेखू नका. बांगलादेशातल्या मतलब भागात अमेरिकन शास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्या बायकांना जुन्या सुती साडीच्या निदान चार घड्या करून त्यातून पाणी गाळायला शिकवलं. २००३ मध्ये निष्कर्ष आले, कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला होता. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून राहतात आणि ते किडे कापडात अडकतात. जुनी, धुऊन धुऊन विरलेली साडी नव्यापेक्षा चांगली, कारण तिचे धागे सुटून भोकं बारीक होतात. नारू हा पाण्यातून होणारा कृमीचा रोग हटवण्यातही फडक्याचा मोठा वाटा होता. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं, पाणी गाळणं आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणं, एवढ्यावर हा रोग संपला. त्यावर लस नव्हती, औषधही नव्हतं. १९९६ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. इथे बसलेल्या साठीच्या पुढच्या माणसांना नारू माहीत आहे, कॉलेजच्या मुलांनी तो शब्दही ऐकलेला नाही. पण कावीळ आणि विषमज्वर फडक्याने अडत नाहीत. गाळल्यानंतर क्लोरीन हवा किंवा उकळी हवी. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. दहा-वीस मिनिटं उकळत ठेवण्यात फक्त गॅस जातो.

तांब्या-पितळेच्या भांड्यांबद्दल दरवेळी विचारलं जातं. तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे अनेक जिवाणू मरतात, हे बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं आहे. चिंच-आमसोलाने घासून लख्ख ठेवलेला हंडा चांगलाच आहे, पण साथीत त्याच्या भरवशावर राहू नये. आरओ यंत्राबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्या विहिरीचं पाणी मचूळ नाही, तिथे ते लावू नये. जांभ्यातलं पाणी मुळातच हलकं, क्षार कमी असलेलं असतं. आरओ त्यातले उरलेले क्षारही काढतं आणि एका घागरीसाठी दोन-तीन घागरी गटारात सोडतं. साधा फिल्टर आणि अतिनील दिव्याचं यंत्र पुरतं. पण वीज गेली की तेही बंद. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने इथली आगरं झोपवली, त्यानंतर कित्येक आठवडे वीज नव्हती, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा वेळी टीसीएल आणि चूलच उपयोगी पडते. रहाट किंवा पोहरा-दोर मोडीत काढू नका, एवढंच या निमित्ताने सांगतो.

शुद्ध केलेलं पाणी घरात पुन्हा बिघडतं ते हाताने. माठात तांब्या बुडवला की बोटं पाण्यात जातात. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचा माठ घ्या, आणि माठ रोज धुवा. एवढं करूनही घरात जुलाब झाले तर पहिल्या जुलाबापासून मीठ-साखरेचं पाणी द्या. लिटरभर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मूल मलूल झालं, लघवी थांबली, रक्त पडलं किंवा पाणी पोटात राहीना तर थेट दवाखाना. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत असंच पाणी पिंपांतून वाटून अक्षरशः हजारो जीव वाचवले.

आगोटीची तयारी आता सुरू होईल. मिरच्या, कोकम, सुकी मासळी, लाकूडफाटा भराल. त्याच आठवड्यात विहीर उपसून गाळ काढा. कठडा निदान अडीच फूट उंच आणि भोवती सिमेंटचा ओटा करा, म्हणजे कपड्या-भांड्यांचं पाणी परत आत जाणार नाही. आणि एचटूएस बाटली आणून पाणी तपासा. भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेली ही साधी चाचणी आहे. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि एक-दोन दिवस घरात ठेवायचं. काळं पडलं तर त्यात मैलापाणी मिसळल्याचा दाट संशय धरायचा. असं पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका, आणि पुन्हा पाऊस लागला की पुन्हा तपासा.

शेवटची विनंती ग्रामपंचायतीला आणि तुम्हा सर्वांना आहे. १ मेच्या ग्रामसभेत एक ठराव आणा. गावातल्या प्रत्येक खासगी विहिरीची नोंद करावी, तिच्यापासून सर्वांत जवळचा संडासाचा खड्डा किती फुटांवर आहे हे टेपने मोजून लिहावं, तो कोणाचा हे नंतर बघावं. जिथे अंतर कमी आहे तिथे दोन्ही घरांनी मिळून, पंचायतीच्या मदतीने, तळबंद टाकी बांधावी. नवीन खोल्यांना परवानगी देताना टाकीचा नकाशा आधी मागावा. कोणावर ठपका ठेवण्यासाठी ही यादी नको. पुढच्या श्रावणात कोणत्या घराने पाणी उकळायचं, हे आधी कळावं म्हणून हवी आहे.